भाडी भांड्याने

जाहिदाच्या दुकानावरची पाटी चुकलेली आहे हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आम्हा दोघींचे केस काळे होते. पाटी अशी: 'येथे लग्नकार्यासाठी भाडी भांड्याने मिळतील.' लडकू पेंटरने एका शब्दावरचं टिंब उचलून दुसऱ्यावर ठेवलं होतं. जाहिदाचे वडील मराठी फर्डं बोलायचे, पण वाचायचे उर्दू. त्यांनी खाली उभं राहून पाटी पाहिली, रंग छान बसलाय म्हणाले आणि लडकूला चहा पाजला.

"अगं, भाडी भांड्याने म्हणजे काय? काही अर्थ होतो का?" मी विचारलं.

"तो टिपका तुलाच दिसतो गो तुळजा," जाहिदा म्हणाली. "गिऱ्हाईक देग बगतो. पाटी कोण वाचतो?"

तेही खरंच होतं. भिवंडीत मंडईच्या मागे आमच्या गल्लीत शिरलं की आधी जाहिदाच्या देगी दिसतात. तांब्याच्या, पोटाला सुटलेल्या, गळ्याला आवळ, आतून कल्हईने लखलखीत. एका देगीत अर्ध्या लग्नाची बिर्याणी दमाला बसते. मागे पराती, झारे, पातेली, पाण्याची पिंपं, आणि मधोमध स्टुलावर जाहिदा. आता तीही थोडी देगीसारखीच दिसते. हे मी पाठीमागे बोलत नाही, तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

बापामागे दुकान तिने चालवलं. नवरा कुवेतला गेला, आला, पुन्हा गेला, एकदाचा कायमचा परत आला आणि चार वर्षांत वारला. या सगळ्यात दुकान काही बंद राहिलं नाही. मुलगी रमशा मुंब्र्याला असते. ती दर शुक्रवारी फोन करते, "अम्मी, बंद कर ते आणि ये इकडे." जाहिदा दर शुक्रवारी म्हणते, "हा सीझन जाऊ दे." भिवंडीत लग्नाचा सीझन कधी जातो? निकाह संपले की हळदी, हळदी संपल्या की कुणाचा तरी भंडारा.

तिच्या दुकानाचा एक नियम आहे, तो पाटीवर नाही. देग रिकामी परत यायची नाही. जे शिजवलं त्याचं एक ताट देगीबरोबर आलंच पाहिजे. त्यामुळे एकही आमंत्रण नसताना जाहिदा या गावातल्या जवळजवळ प्रत्येक लग्नात जेवलेली आहे. खारबावच्या हळदीचे वडे, नारपोलीच्या भंडाऱ्याची बुंदी, कोकणी निकाहची बिर्याणी, सगळं दुकानात बसून. आणि खाऊन गप्प बसायची नाही. "मुलीकडच्यांनी तूप मोजून घातलंय. पोरीचं माहेरपण बगायला नको." ताटातला अर्धा वाटा माझा असायचा. मी मटणाला शिवत नाही असं माझ्या सासूबाई शेवटपर्यंत समजत होत्या.

तर असं सगळं सुरळीत होतं. मग आमची गल्ली सुधारली.

म्हणजे काय झालं, तर रस्ता काँक्रीटचा झाला, गटार झाकलं गेलं, दिवे आले. मुख्य रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. जिथे सायकलवाला बसायचा तिथे कॉफीचं दुकान निघालं, आणि तिथे मुलंमुली इतका वेळ बसायला लागली की त्यांना घरं आहेत की नाहीत अशी शंका यावी. मला सुधारणेचं वावडं नाही. झाकलेलं गटार मलाही आवडतं. पण जाहिदाच्या ओळीत चार गाळे होते. आधी बटणवाला गेला, मग स्टोव्हवाला, मग तनवीरचं चपलांचं दुकान. उरली कोपऱ्यावर जाहिदा.

चारही गाळे हिरामणशेठचे. शेठ मूळचे राहनाळचे आगरी. त्यांच्या भाताच्या शेतावर आता ओळीने गोदामं उभी आहेत. म्हणजे सगळं घर भाड्यावर चालतं, आणि चांगलं चालतं. त्यांचा मुलगा भावेश पुण्याला काहीतरी मॅनेजमेंट शिकून आला होता. एके दिवशी तो टेप घेऊन जाहिदाच्या दुकानात शिरला आणि देगींच्या मधून वाट काढत भिंती मोजायला लागला.

"काय मापतो रे? सदरा शिवतो काय दुकानाला?" जाहिदाने विचारलं.

"खाला, या ओळीत हॉटेल टाकतोय. तीन गाळे झाले, हा चौथा फॅमिली सेक्शन. तुमचं ॲग्रीमेंट दिवाळीला संपतंय ना?"

"दर अकरा महिन्यांनी संपतं. मग दर अकरा महिन्यांनी होतं."

"या वेळेला मार्केट रेटने होईल." आणि त्याने जो आकडा सांगितला, तो चालू भाड्याच्या पाचपट होता. "परवडत असेल तर राहा, मला काहीच प्रॉब्लेम नाही. एरिया डेव्हलप झालाय खाला."

मला संताप आला तो जाहिदाचा. वडिलांच्या वेळचा तोंडी व्यवहार मोडून शेठने अकरा महिन्यांचा कागद आणला, तेव्हाच मी बोंबलले होते की सही करू नकोस. ही म्हणाली, शेठ घरचे आहेत. आता घरचे टेप घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घातलं आणि राहनाळला नेलं. शेठ बंगल्याच्या ओट्यावर बनियनवर बसले होते, समोर कंटेनरांची रांग. चहा आला, बिस्किटं आली.

"शेट, तुमच्या हळदीला देग माझ्या बापाची होती," जाहिदाने सुरुवात केली.

"मना याद हाय ना गो. पन आता मना कोण ईचारतंय? पोरगा बगतो सगला." मग थोडं थांबून समोरच्या गोदामांकडे हात करत म्हणाले, "मी पन उठलूच ना शेतावरशी? रडलू काय?"

"तुम्ही उठलात ते पैसे घेऊन उठलात," मी म्हटलं. "ही उठली तर देगी डोक्यावर घेऊन उठेल. तुमचं उठणं आणि हिचं उठणं एक कसं हो?"

शेठ हसले. "ही बाय अजून तशीच हाय." पण भाड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. निघताना जाहिदाच्या हातात भेंडीची पिशवी दिली. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "भेंडी कवळी हाय." मी तिच्याशी घरापर्यंत बोलले नाही.

त्या आठवड्यात तिने रमशाला पहिल्यांदाच विचारलं, तुझ्याकडे किती देगी मावतील? रमशाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पोरगी म्हणाली, "अम्मी, तू मावशील. देग एक पण नाय." जाहिदाने दोन दिवस देगींना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या काढून चिंच लावून घासल्या. विकायला काढणार असेल असं मला वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मला धाडस होत नाही असं फार कमी वेळा होतं.

इकडे भावेशचं हॉटेल तयार झालं. नाव 'शाही देग'. पाटीवर दिव्यांनी चमकणारी सोनेरी देग, हिच्या दुकानातल्या देगींकडे बघूनच काढलेली. शिजवायला आणला इक्बाल उस्ताद. भिवंडीत बिर्याणी म्हटली की इक्बाल, हे लहान पोरही सांगेल. पण भटारी, म्हणजे लग्नाचा आचारी, भांडी घेऊन फिरत नाही. त्याने जन्मभर लग्नवाल्यांनी आणलेल्या देगीत शिजवलं, आणि लग्नवाल्यांनी ती जाहिदाकडून आणली. भावेशने कुणाला न विचारता चकचकीत स्टीलची पातेली मागवली होती.

उस्तादाने एका पातेल्यात स्वतःचं तोंड पाहिलं. "भावेशभाई, ह्यात बिर्याणी पकवू का दाढी करू?"

"उस्ताद, इम्पोर्टेड आहे. आरोग्याला चांगलं."

"बाहर देग, अंदर आईना," उस्ताद पुटपुटला आणि कामाला लागला.

उद्घाटनाच्या आधी एक चव घ्यायचं जेवण ठेवलं होतं. शेठ, त्यांचे व्याही, पंधरा-वीस मातबर माणसं. आम्ही दोघी शेजारी जाहिदाच्या दुकानात. दुपार कलली तसा गल्लीत वास यायला लागला. आधी केवड्याचा, मग केशराचा. मग जाहिदाने नाक वर केलं.

"लागली," ती म्हणाली.

"काय लागली?"

"बुडाला लागली. झाकण उघडलं की बग."

झाकण उघडलं आणि करपट वास कॉफीच्या दुकानापर्यंत गेला. पातळ बुडाच्या पातेल्यात खालचा थर काळा आणि वरचा कच्चा. शेठचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "अरे पोरा, ह्या बिर्याणी हाय का डांबर?" व्याही काही बोलले नाहीत. व्याही बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

थोड्या वेळाने भावेश दुकानाच्या पायरीशी आला, मागे उस्ताद. टेप नव्हता.

"खाला, चार देगी पाहिजेत."

"कवा?"

"रोज. हॉटेल रोजच चालणार ना."

जाहिदाने पदराने तोंड पुसलं आणि एका देगीचं एका दिवसाचं भाडं सांगितलं. मी स्टुलावरून पडायची बाकी होते.

"खाला! लग्नाला याच्या निम्म्याने देता!"

"ते लग्नाला. इथे मार्केट रेट. एरिया डेव्हलप झालाय बाळा."

उस्ताद मोठ्याने हसला आणि मग खोकल्यासारखं केलं.

"मग विकतच द्या."

"विकायच्या नायत. कल्हई कोण लावणार, तू?"

"मी नव्या बनवून घेईन."

"बनवा," उस्ताद मागून म्हणाला. "नया देग को हाथ पे बैठने में साल जाता है. तब तक डांबर खिलाओ."

भावेशने वळून उस्तादाकडे पाहिलं. पोरगा वाईट नाही, फक्त त्याला आजपर्यंत नाही कुणी म्हटलेलं नव्हतं. मला गप्प बसवेना. मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं, त्याचा आजवर उपयोग शून्य झाला होता.

"भावेश, चार देगींचं महिन्याचं भाडं काढ. मग या गाळ्याचं तू सांगितलेलं भाडं काढ. उन्नीस-बीस सोडलं तर एकच येतंय. तिने तुला देगी द्यायच्या, तू तिला गाळा द्यायचा. पैसे कशाला इकडून तिकडे फिरवता?"

तो मोबाइलवर हिशोब करत बराच वेळ उभा होता. मग वर बघितलं, आणि त्याची नजर पाटीवर गेली. या गल्लीत लहानाचा मोठा झालेला मुलगा, पण ती पाटी त्याने बहुधा पहिल्यांदाच वाचली.

"येथे... भाडी... भांड्याने मिळतील," तो म्हणाला. "मावशी, हे आधीपासूनच असं आहे?" त्याने मला विचारलं.

"बगितलंस?" जाहिदा माझ्याकडे वळली. "लडकूला ठाऊक होतं. तुलाच नव्हतं."

इतकी वर्षं मी बरोबर होते, आणि एका दुपारीत चूक ठरले.

पोराने फुकट काही सोडलं नाही, हेही सांगायला हवं. मागची अर्धी जागा त्याने हात धुण्याच्या बेसिनसाठी मागून घेतली. पराती आणि पिंपं राहनाळला गेली. शेठने गोदामाचा एक कोपरा दिला, म्हणाले, "आमचे शेतावर राहू द्या." कागद मात्र या वेळी माझ्यासमोर झाला, आणि तीन वर्षांचा झाला. 'शाही देग' चालली तर गाळा राहील. नाही चालली तर काय, ते मला ठाऊक नाही. बटणवाला आणि स्टोव्हवाला परत येणार नाहीत, ते मात्र ठाऊक आहे.

म्हणून जाहिदा बिर्याणीवर डोळा ठेवून असते. नियम तोच, देग रिकामी परत यायची नाही. रोज दुपारची पहिली देग उतरली की एक ताट तिच्यापुढे येतं, आणि ताटाबरोबर भावेश स्वतः येतो. पायरीवर उभा राहतो, इस्त्रीच्या शर्टात, हात मागे बांधून. ती सावकाश घास घेते. माझा अर्धा वाटा बाजूला काढते. पुन्हा घास घेते. हॉटेलात गिऱ्हाईक बसलंय, फोन वाजतोय, तरी तो हलत नाही.

"खाला, कशी झालीय?"

"मीठ कमी," जाहिदा म्हणते. "जा, उस्तादला सांग. तुझी नाय, माझी जागा जाईल."

आणि घरमालक मीठ सांगायला पळतो.