वाढलेलं ताट

दुपारी टीव्हीवर जुना हिंदी सिनेमा लागला होता. जेलातून सुटलेला नायक, ज्याचा जीव घेतला त्याच्याच घरी येतो. त्याची म्हातारी आई नायकाला ताट वाढते. घास काही तोंडाशी जाईना त्याच्या.

"शिका जरा," बायको म्हणाली.

"गप बघ."

थोरल्याला आवतण स्वतः येऊन द्यायचं असतं. धाकट्या भावानं पोरीच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याच्या हाती धाडली, म्हणून मी गेलो नाही. पंगतीत त्यानं आपल्याशेजारी माझं ताट वाढून ठेवलं होतं म्हणे, कुणाला बसू दिलं नाही. तरी मी अडूनच राहिलो. आता भाऊ नाही.

सिनेमात बरं असतं, माफी द्यायला कुणीतरी जिवंत ठेवतात.

संध्याकाळी बायको वाढायला लागली. शेजारी अजून एक ताट वाढ, म्हणालो. तिनं ताट मांडलं अन् आधी त्यातच वाढलं.