डाव्या हाताची गाठ

माझी आत्या रफू करायची. फाटलेल्या कोटाचेच दोरे काढून ती भोक असं बुजवायची की मालकालाही जागा सापडू नये. ज्या लॉन्ड्रीत ती काम करायची, तिथल्या मालकाने इस्त्रीच्या मोठ्या प्रेसची हात वाचवणारी जाळी काढून टाकली होती. काम पटापट व्हावं म्हणून. त्या प्रेसखाली आत्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

वकील मीच शोधून दिला. हे लिहिताना आजही माझा संताप होतो, आणि निम्मा माझ्यावरच.

अशा भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. आम्ही तिसऱ्याच महिन्यात गेलो. आत्याने दवाखान्याचे सगळे कागद एका गठ्ठ्यात बांधून नेले होते. तिने एका चिठ्ठीवर डाव्या हाताने तारीख आणि कागदांची यादी दोनदा लिहिली, चिठ्ठी मधोमध फाडली आणि म्हणाली, "साहेब, दोन्हीवर सही करा. अर्धी मालाला, अर्धी मालकाला. आमच्या लॉन्ड्रीत असंच असतं."

वकील हसला. "मावशी, मी काय तुमचा कोट हरवणार आहे का?" पण सही केली. आत्याने त्याची अर्धी चिठ्ठी गठ्ठ्याच्या दोरीत खोचली आणि आपली अर्धी सुयांच्या डबीत ठेवली.

मग तीन वर्षं तारखा. आज न्यायाधीश रजेवर, उद्या समोरचा वकील आजारी. आत्या इस्त्रीची साडी नेसून कोर्टाच्या बाकावर बसायची, आणि आमचा वकील कोट सावरत यायचा, "पुढच्या महिन्यात नक्की," म्हणायचा, की चालला. शेवटी मी नोंदणीच्या खिडकीवर जाऊन विचारलं. कारकुनाने दोनदा तपासलं आणि म्हणाला, "या नावाने दावाच दाखल नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वकिलाच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा करणार होतो. आत्याने मला थांबवलं. "ओरडून काय होणार? कागद परत माग. लेखी माग."

लेखी मागितले, पोच घेतली. पंधरा दिवस उत्तर नाही. मग आम्ही वकिलांच्या परिषदेकडे तक्रार केली. अशीलाला ते करता येतं, हे आम्हाला त्या खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं. इतकी वर्षं कोर्टात जाऊन काळ्या कोटातल्या एकानेही सांगितलं नव्हतं.

परिषदेच्या शिस्त समितीपुढे वकील शांतपणे म्हणाला, "बाई माझ्याकडे आल्या तेव्हा मुदत संपून गेली होती. मी काय करणार?"

आत्याने डबी उघडली आणि अर्धी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्याच्या सहीसकट, तारखेसकट. तो म्हणाला, ही चिठ्ठी नंतर बनवली असेल. तेव्हा अध्यक्षांनी त्याच्याकडचे कागद मागवले. त्याच्या कारकुनाने धूळ झटकत गठ्ठा आणून ठेवला. दोरीत दुसरी अर्धी तशीच खोचलेली होती. फाटलेल्या कडा जुळल्या.

पण आत्या चिठ्ठीकडे बघतच नव्हती. ती दोरीकडे बघत होती.

"ही गाठ माझी आहे," ती म्हणाली. "हात नुकताच गेला होता, म्हणून डाव्याने बांधली. उलटी बसली. अजून तशीच आहे. साहेबांनी गठ्ठा सोडलाच नाही."

अध्यक्षांनी गठ्ठा जवळ ओढून गाठ निरखली.

त्याची सनद दोन वर्षांसाठी काढून घेतली. दोन वर्षांनी तो कोट घालून परत उभा राहील. लॉन्ड्रीवाल्यावरचा दावा मात्र मेला तो मेलाच, कारण मुदत गेली. आता भरपाई मागायची ती या वकिलाकडूनच, त्याच्या हलगर्जीपणाबद्दल. त्यासाठी पुन्हा वकील लागतोच. मला या गोष्टीची चीड आहे आणि ती जाणार नाही.

नवीन वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, हाताची चौकशी केली, गठ्ठा कपाटात ठेवायला उचलला. चिठ्ठीच्या दोन्ही अर्ध्यांवर सह्या झाल्या होत्या. तरी आत्याने गठ्ठ्यावर हात ठेवला.

"आधी गाठ सोडा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."