खडूचं घर

काशीराम सुतार रंध्याला हात लावण्याआधी खडू हातात घेतो. सोफा, कपाट, टेबल, जे करायचं असेल ते आधी जमिनीवर पुऱ्या मापाने आखतो आणि घरच्यांना सांगतो, "तीन दिवस यातच ऱ्हावा. मग लाकूड कापू." रत्नागिरीतले बाकीचे सुतार मोबाइलवर रंगीत चित्रं दाखवतात. काशीरामला ती पटत नाहीत. चित्रातल्या घरात कोणी चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

अनिलच्या दोन खोल्यांत त्याने असंच घर आखलं होतं. अनिलची बायको वैष्णवी नसलेल्या सोफ्याला वळसा घालून चहा आणायची. त्यांची छोटी आरोही नसलेल्या कपाटात शिरून आतून कडी लावायची. काशीराम बघतच राही. गॅलरीतून खाडीचं वारं यायचं, काळ्या लादीवरच्या पांढऱ्या रेषांवरून ऊन हळूहळू सरकायचं, आणि त्याला वाटायचं, हे घर असंच राहावं, बिनवजनाचं. पण मग पोटाचं काय!

अनिलचे वडील आप्पा तेवढे या खेळात नव्हते. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. नवं फर्निचर आलं की आपण गावी, पावसच्या घरी जाऊन एकटे राहणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आंब्याच्या कलमांकडे बघायला कोणीतरी हवं म्हणे! डोळ्यांनी दिसत नाही त्याने कलमांकडे काय बघायचं, हे विचारायची अनिलची छाती नव्हती. तो नुसता आतल्या आत झुरत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी काशीराम माप पक्कं करायला आला, तर सोफ्याची रेघ मधेच गायब.

"लादी पुसलात काय?"

"छे हो काका, तुमच्या रेषा जपून जपून कंटाळले," वैष्णवी म्हणाली.

काशीराम उकिडवा बसला. हातभर रुंदीचा पट्टा पुसला गेला होता. आप्पांच्या खाटेपासून निघून, सोफ्याच्या पोटातून, थेट गॅलरीच्या दारापर्यंत.

तेवढ्यात आप्पा उठले. पाय न उचलता, घासत घासत, बरोबर त्याच पट्ट्यावरून गेले आणि गॅलरीत वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. कशाला हातसुद्धा लावावा लागला नाही त्यांना. काशीरामला गलबलून आलं. आजवर आपण डोळसांसाठीच घरं आखत आलो, याची लाजही वाटली.

"अनिल, सोफा करायचा नाय," तो दाराशी उभ्या अनिलला म्हणाला. "आप्पांची वाट हाय ही. भिंतीकडं बाकडा करू, गोल कोपऱ्यांचा."

अनिल त्या पट्ट्याकडे बघत राहिला.

"आप्पा, म्हणून तुम्ही पावसला निघालात?"

आप्पा वळले नाहीत. "तुमचा नवा सामान मोडला असता रे माज्या हातून."

अनिलने मोरीतलं ओलं फडकं आणलं, गुडघ्यांवर बसला आणि उरलेला सोफा पुसून टाकला.