मी फिरवलेला स्क्रू

आमच्या दिल्लीच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. लेसरचा आरसा जुळवून झाला की त्याच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका मोडलेला दिसला की स्क्रूला कुणीतरी हात लावलाय हे कळतं. ज्याने मोडला त्याने रजिस्टरमध्ये सही करायची. पद्धत मी घालून दिली होती, आणि मोडली ती मीच.

उपकरण फुग्याखाली टांगून तीस किलोमीटर वर जायचं होतं. किरण हवेत सोडायचा आणि धुळीच्या कणांवरून परत येणारा उजेड छोट्या दुर्बिणीने पकडायचा. दोघं एकाच दिशेला बघत असतील तरच काही हाती लागतं. वरच्या थंडीत धातू आकसतो, आरसा किंचित कलतो. माझ्या हाताखालची इंजिनियर, मूळची अमरावतीकडची, मानेसरच्या एका कारखान्यातल्या शीतकक्षात आठवडाभर काम करून तो कल मोजून आली होती. कामगारांच्या बसमधून जायची-यायची. मग तिने आरसा दिल्लीतच मुद्दाम थोडा तिरका ठेवला, म्हणजे वर गेल्यावर तो सरळ होईल. तिने मला हे सांगितलं होतं. मी मान हलवली होती. लक्ष दुसरीकडे होतं.

उपकरणाची पेटी बंद करायच्या दिवशी ती गेटपासच्या रांगेत होती. मी शेवटचं म्हणून उपकरण चालू केलं. सिग्नल निम्मासुद्धा नव्हता. मला वाटलं, पोरीचं चुकलं. ठिपका मोडला, सिग्नल पुरता येईपर्यंत स्क्रू फिरवला, नवा ठिपका दिला. सही राहून गेली असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. राहून गेली नव्हती. एवढ्याशा गोष्टीसाठी मी कशाला सही करू, असं वाटलं होतं.

फुगा चढत गेला आणि सिग्नल उतरत उतरत शून्यावर आला.

विभागप्रमुख माझा तीस वर्षांचा मित्र. आमची मुलं पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर बसलेली. चौकशीआधी मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चहा मागवला.

"अरे यार, तू गप्प बस. कुणाचंही नाव येणार नाही. मी बघतो."

मी विश्वास ठेवला. अहवालात नाव आलं, एकच, तिचं. मी तणतणत त्याच्या खोलीत गेलो तर त्याने फाइलमधून मान वर केली नाही. म्हणाला, "तुला रिटायर व्हायला आठ महिने उरलेत. तिच्यापुढे अख्खी नोकरी आहे. सावरेल ती."

मित्राने फसवलं, हे मी पुढे घरी कितीदा बोललो असेन. बोलणं सोपं होतं. तिची बदली थर्मामीटर तपासायच्या विभागात झाली, त्याबद्दल मात्र कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात कळलं, नव्या फुग्याच्या प्रकल्पासाठी तिने अर्ज केलाय आणि निवड समिती तो जुना अहवाल मागवणार आहे. मी तिला फोन केला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये भेटलो. थालीपीठ येईपर्यंत मी सगळं बोलून टाकलं.

"मला माहीत आहे, सर."

खाली उतरलेली पेटी तिनेच उघडली होती. आरसा अगदी सरळ होता, तिने ठेवलेला तिरकेपणा गेला होता. "इतकं नेमकं तुमच्याशिवाय कोण जुळवणार? चौकशीच्या दिवशी मी तुमच्याकडेच बघत होते. वाटलं, आता बोलाल."

ती बघत होती, हे मला आठवतं. मी कागद चाळत होतो. तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं, आणि विचारल्याक्षणी लाजलो. रजिस्टरवर शेवटची सही तिची होती.

"आता मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. लिहून."

लिहिलं. तिचं गणित बरोबर होतं, स्क्रू मी फिरवला, विभागप्रमुखांना हे चौकशीआधी ठाऊक होतं, एवढं. समितीला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, एक प्रत मित्राला.

परवा त्याचा फोन आला. "तीस वर्षांची दोस्ती, आणि म्हातारपणी तू असा दगा देतोस?"

त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. पूर्वी मी लगेच विरघळलो असतो. मी एवढंच म्हणालो की पत्र मागे घेणार नाही, समितीने बोलावलं तर जाईन. मग त्याने फोन ठेवला.