न्हाणीघरातलं मुरलेलं तेल

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, सोलापुरात व्हायचं होतं. सातव्या महिन्यात वडील मला सासरहून, माढ्याहून न्यायला आले, तेव्हा एसटीतच त्यांनी सांगून टाकलं, "न्हाणीघराला मोझॅकच्या लाद्या बसवतोय. तान्हं लेकरू घेऊन बसायचं, तर जमीन धड पायजे की."

वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. एखादं काम मनात आलं की ते पुरं होईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. न्हाणीघरात जुनी शहाबादी फरशी होती, काळी आणि निसरडी. तिच्यावर आई पाय पसरून बसायची आणि नडग्यांवर बाळ पालथं घालून, तेल चोळून न्हाऊ घालायची. आमच्याच घरातलं असं नाही, गल्लीतलं कुणाचंही. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या सुना, समोरच्या मुसलमान घरातल्या लेकी, सगळ्यांची बाळं तिच्या हाताखालून गेली होती. माझ्या बाळाची तर ती माझ्या लग्नापासून वाट बघत होती.

मिस्त्रींनी जुन्या फरशीवरच सिमेंट-वाळूचा माल पसरून लाद्या बसवल्या. थोड्याच दिवसांत एक लादी पायाखाली डुगडुगली. वडिलांनी ती उचकटली. माल खालीच राहिला, लादी तेवढी कोरडी हातात आली.

"भिजवल्याच न्हाईत नीट," वडील म्हणाले. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. लाद्या पाण्यात टाकून, पाठी घासून परत बसवल्या. त्या पुन्हा सुटल्या. मग वडिलांना सिमेंटचा संशय आला. सिमेंट तेव्हा सहज मिळत नसे आणि आमच्या पोत्यात खडे झाले होते. ओळखीपाळखीनं त्यांनी ताजं पोतं मिळवलं. तोवर मी अवघडलेल्या अंगानं अंगणात, साडीच्या आडोशाला अंघोळ करत होते.

ताज्या सिमेंटनंही काम टिकलं नाही. वडिलांनी सुटलेली लादी उलटी करून बघितली. या वेळी माल लादीला घट्ट धरून होता आणि खालचा दगड पुसून घेतल्यासारखा साफ होता. आईनं त्याच्यावर पाणी ओतलं. ते पसरलं नाही, गोळे होऊन घरंगळलं.

"अवो, त्याल हाय ह्ये," आई म्हणाली. "इतकी वर्सं मुरलंय. वर काय चिकटंल?"

वडील हसायला लागले. "म्हंजे गल्लीतल्या पोरांनी मिळून माझं काम बिघडवलं म्हण की."

"ऱ्हाऊ द्या मग. मला जुनीच बरी."

"आता एवढं झालंय तर दगडच काढून टाकतो."

मिस्त्री दुसऱ्या कामावर अडकले होते. दोन-चार दिवस थांबा, असा त्यांनी निरोप धाडला. पण मला आठवा लागला होता आणि वडिलांना दम निघेना. सुट्टीच्या सकाळी त्यांनी स्वतःच पहार घातली. पहिले दगड सहज निघाले. मोरीच्या तोंडाशी असलेला मोठा दगड उचलेना, म्हणून आई हात लावायला वाकली. पहार सटकली आणि दगड तिच्या उजव्या हातावर बसला. ती हात पोटाशी धरून भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. माझ्या बाळंतपणाआधी ते निघालं. हाडं जुळली, पण मूठ पुरती वळेना, मनगटात जोर आला नाही तो आलाच नाही.

मिस्त्रींनी उरलेले दगड काढले, खाली नवा कोबा केला आणि लाद्या बसवल्या. मी बाळ घेऊन घरी आले तेव्हा न्हाणीघर तयार होतं. एकही लादी हलत नव्हती. आई हौसेनं पाय पसरून बसली. मी बाळ तिच्या पायांवर ठेवलं. तिनं त्याच्या मानेखाली उजवा हात घातला आणि तसाच काढून घेतला.

"न्हाय पेलायचं मला," ती म्हणाली. "तू बस. मी सांगते."

मग रोज मी बसायची आणि ती दाराशी पाटावर बसून सांगायची. मान धर, कान झाक, पाठीला जरा जास्त चोळ. गल्लीतल्या बायका बाळ बघायला येऊन गेल्या. आपलं बाळ न्हाऊ घालायला मात्र कुणी आणलं नाही.

वडील त्या वेळेला घरात थांबत नसत. गिरणीची पाळी नसली तरी बाहेर पडत. एकदा मी अंगणात दुपटी वाळत घालत होते, तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "मिस्त्री येणारच होता गं."

मी दुपटं झटकत राहिले. ते चपला घालून गेले.

न्हाणं संपत आलं की आई पाटावरून उठायची. शेवटचं पाणी मात्र मला ओतू द्यायची नाही. ते ती डाव्या हातानं ओतायची, सावकाश. निम्मं बाळाच्या अंगावर पडायचं, निम्मं माझ्या पायांवर.