जयसिंगकाकांची पाच मिनिटांची मोटर

“रबरानं धर, झटका बसेल,” जयसिंगकाका म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली. मी प्लग मोटरच्या लोखंडाला टेकवून धरला होता. टपकन निळी ठिणगी पडली.

“दिसली?”

“दिसली ने. गेल्या रविवारी पण दिसली. काका, हिला काही झालेलंच नाही.”

“मग तेव्हा कुठे गेली होती?”

तेव्हा म्हणजे पुरात. तेव्हा बोटीत मी पण होते.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सुभानपुऱ्यात, हे असं पुरानंतर कित्येक महिने चाललं. मोटर म्हणजे बोटीच्या मागे लावायची, एका सिलिंडरची, माझ्या पप्पांपेक्षा जुनी. काकांचे वडील आजव्याला तलावावर नोकरीला होते. तिथून ती भंगारात निघाली, तर त्यांनी घरी आणली. काका स्वतः सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. मोटर खोलायला बसले तरी इस्त्रीची पँट. पोह्याच्या ताटलीत नट-बोल्ट काढले त्याच क्रमानं मांडायचे. मी एक उचलून बघितला की ओरडायचे, “मधू, जागेवर ठेव!”

मी अकरावीत शाळा सोडली तेव्हा घराघरातून लेक्चर मिळालं. काकांनी फक्त विचारलं, “बरं, मग उद्यापासून काय?” आणि दुसऱ्या दिवशी त्यांची स्कूटर माझ्यासमोर खोलून टाकली. आज मी त्याच स्कूटरवर मेडिकलची औषधं घरोघरी पोचवते. त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. फिरणारच.

काकांनी लग्न केलं नाही. त्यांचा जीव एका माणसात, भास्कररावांत. दोघं शाळेपासून एका बाकावरचे. भास्कररावांचा बंगला नदीला लागून. त्यांची फुप्फुसं गेलेली, ऑक्सिजनचं मशीन लावून बसायचे आणि तसेच काकांना शिव्या द्यायचे. “जयसिंग, ती खटारा विक आणि मला एक भजी आणून दे.”

“डॉक्टरला विचारून आणतो.”

“मग मेल्यावर आण.”

विश्वामित्री नदी चढली त्या सकाळी त्यांच्याकडची लाइट गेली. मशीन इन्व्हर्टरवर, तो थोडाच वेळ पुरणार. काकांनी फोनवर एवढंच म्हटलं, “निघालो.” आम्ही काकांची पत्र्याची बोट टेम्पोत टाकून पाण्यापर्यंत नेली. मोटर पहिल्याच दोरीला सुरू झाली. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काय त्यांच्या मुलीचा नंबर आला.

पाण्याला ओढ होती. बुडलेल्या गाड्यांच्या टपांवरून आम्ही चाललो होतो. अर्धा रस्ता झाला आणि मोटर फट्‌ करून बंद. काकांनी दोरी ओढली, ओढली, ओढतच राहिले. पेट्रोल येत होतं. प्लग काढून पुसला, टेकवला. ठिणगी नाही. पाण्यानं आम्हाला एका झाडात नेऊन अडकवलं. मग मी एका हातानं भिंती धरत, दुसऱ्या हातानं फळी मारत बोट पुढे काढली. ह्या नदीत मगरी आहेत, ती भीती बिती सगळी विसरले.

पोचलो तेव्हा वरच्या खोलीत भास्कररावांची बायको, कमलाकाकू, त्यांना पेपरानं वारा घालत होत्या. ते गेले होते. त्या थांबत नव्हत्या. काकांनी त्यांच्या हातातून पेपर घेतला.

पाणी उतरल्यावर मोटर घरी आणली. दोरी ओढली, तर ठिणगी हजर!

तेराव्याला भास्कररावांचा पुतण्या कुशल सगळ्यांसमोर म्हणाला, “काका, ती मोटर म्युझियमला देऊन टाका ने. माणसं न्यायला नाही ती.”

मी म्हटलं, “तू कुठे होतास त्या दिवशी? घरात बसून व्हिडिओ काढत होतास ना?”

मला बाहेर काढलं. मी फाटकाशी उभी राहिले, काका आत राहिले. खूप वेळानं आले. आणि त्या रविवारपासून मोटर खोलायला लागले.

जो येईल तो डॉक्टर. कोणी म्हणे पाणी शिरलं. कोणी म्हणे पॉइंट. पॉइंट म्हणजे चाकाखालची उघडझाप करणारी पट्टी, तिच्यामुळे ठिणगी पडते. ती काकांनी पुराच्या आदल्याच दिवशी स्वतः घासून बसवली होती. म्हणून त्यांना तीच खात होती. “माझाच हात चुकला असेल.” नवी पट्टी घातली, कंडेन्सर बदलला. पाण्याच्या पिंपात मोटर उभी करून सुरू केली, मस्त चालली. लगेच वरच्या मजल्यावरून शांताबेनचा आवाज, “जयसिंगभाई, धुमाडो!” धूर वर नको म्हणून काकांनी बटण दाबून ती बंद केली. रविवारी पाच मिनिटं, त्याच्या वर नाही. हा नियम सोसायटीचा पण नाही. लोकांना त्रास नको म्हणून काकांनी स्वतःच करून घेतला होता, कित्येक वर्षांपासून.

मी वैतागले. “पिंपात काय कळणार? नदीवर चला.”

“लोकांना...”

“नदीवर कुठे आलीय शांताबेन?”

सिंधरोटला गेलो, महीवर. उन्हात पाणी गप्प पडलेलं. मोटर सुरू झाली आणि चालत राहिली. पाच मिनिटं झाल्यावर काकांचा हात सवयीनं बटणाकडे गेला. मी पकडला. पलीकडच्या काठापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. काकांना मी पहिल्यांदाच बोटीत पाय लांब करून बसलेलं बघितलं. आणि मग तसंच, फट्‌. बंद.

प्लग काढला. ठिणगी नाही. आम्ही तसेच तरंगत बसलो. मोटर हाताला गार लागली तेव्हा मी पुन्हा दोरी ओढली. ठिणगी.

मी उभीच राहिले, बोट उलटता उलटता वाचली. “कॉइल! काका, कॉइल! तापली की मरते. आतून चिरलेली असणार. तुमचा हात नाही चुकला!” कॉइल म्हणजे ठिणगीला वीज पुरवणारी तारेची गुंडाळी.

मला वाटलं ते हसतील. त्यांनी मोटरवर हात ठेवला, कोणाचा ताप बघतात तसा.

“पाच मिनिटं,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांत मी हिला कधी तापूच दिलं नाही. मला कळणार कसं?”

“अहो, पण चूक तुमची नाही ना!”

“चल, वल्हव.”

मला राग आला. एवढं शोधून काढलं आणि ह्यांचं तोंड अजून तसंच. गोरव्याला एका कारागिराकडून मी कॉइल नवी भरून घेतली. काकांनी ती बसवली, सगळे नट जागच्या जागी लावले, मोटरवर पोतं टाकलं. पुन्हा तिला हात लावला नाही. नंतर जेवण कमी केलं, खाली येणं बंद केलं. होळीच्या आधी झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाला हार्ट. असेल.

परवा कमलाकाकूंची औषधं द्यायला गेले. त्यांनी बसवून चहा दिला. मी सहज म्हटलं, शेवटी कॉइल निघाली, काकांचा दोष नव्हता.

काकू कप ठेवून म्हणाल्या, त्या दिवशी आमच्या आधी सरकारी बोट त्यांच्या दारात आली होती. जवान जिन्यापर्यंत चढले होते. भास्कररावांनीच त्यांना परत पाठवलं. म्हणाले, पुढच्या घरातल्या पोरांना घ्या, माझा जयसिंग निघालाय. हे काकूंनी तेराव्यालाच, आतल्या खोलीत, काकांना सांगितलं होतं.