भावजींच्या कॉम्प्युटरची कमी पडलेली मेमरी

माझ्या धाकट्या दिरांनी उभ्या आयुष्यात एकाही यंत्राला यंत्र म्हणून वागवलं नाही. मिक्सर सुरू झाला की ते त्याला "हळू बोल की जरा" म्हणणार, मोपेडला चढावर "चल गं माय" म्हणून गोंजारणार, आणि विहिरीवरच्या मोटारीशी तर चक्क अहो-जाहो करणार, कारण तिनं त्यांना एकदा शॉक दिला होता. सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेलेली. त्यामुळं आमच्या बेंबळीच्या घरात वापरलेला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यांनी आधी त्याच्या डब्यावर तळहात ठेवून ताप पाहिला. "वैनी, अंग गरम लागतंय. आज ह्याला जास्त काम नको."

त्या कॉम्प्युटरवर ते अख्ख्या भावकीच्या लग्नपत्रिका बनवत. वर गणपती, कडेला मोर, मधे नवरा-नवरीचे फोटो आणि खाली चुलत्यांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत झाडून सगळ्यांची नावं. स्वतःच्या लेकीच्या पत्रिकेत तर त्यांनी सगळं गाव बसवलं. नव्हतं ते फक्त आत्याचं नाव. आत्या म्हणजे भावजींची सख्खी थोरली बहीण, कळंबला दिलेल्या आमच्या आक्का. मागं एका बारशाला भावजींनी हौसेनं येसराची आमटी केली होती, आणि आक्का भर पंगतीत म्हणाल्या होत्या, "का रं, ही आमटी हाय का हात धुतलेलं पाणी?" तेव्हापासून अबोला.

मी म्हटलं, "भावजी, आत्याशिवाय लग्न लागतं का कुठं?"

"जागा न्हाय पत्रिकेत."

मोर मात्र चार होते.

पत्रिका छापायला द्यायच्या आदल्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट उगवली आणि कॉम्प्युटर पाय ओढत चालायला लागला. चौकटीत इंग्रजी: 'व्हर्च्युअल मेमरी लो'. भावजींनी मला हाक मारली. मी तेव्हा पन्नाशीची, इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेली, आणि त्याचा तोरा असा की खोकल्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा चारचौघांत मोठ्यानं वाचायची. चष्मा लावला, घसा साफ केला. लो म्हणजे कमी, मेमरी म्हणजे आठवण. व्हर्च्युअलला अडले, पण अडले असं दाखवील ती मी कसली. शाळेत 'व्हर्च्यू' म्हणजे सद्गुण असं घोकलेलं होतं.

"भावजी," मी निकाल दिला, "हे म्हणतंय, चांगुलपणाची आठवण कमी पडायलीय."

"कुणाला म्हणतंय?"

"समोर कोण बसलंय?"

भावजींनी डब्यावर तळहात ठेवला. मग कॉम्प्युटरलाच म्हणाले, "खरंय बाबा. मला गोवर आला तवा आक्कानंच मांडीवरनं खाली ठिवलं न्हाय." आणि एका बोटानं, एकेका अक्षराची वाट बघत, त्यांनी आत्याचं नाव लिहिलं, सगळ्यांच्या वर.

चौकट तरी जाईना. शेवटी धाराशिवच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, मशीनची स्वतःची मेमरी भरली की ते हार्ड डिस्कवर थोडी जागा वापरतं, तीच व्हर्च्युअल मेमरी, ती वाढवा. 'माय कॉम्प्युटर'वर उजवं बटण, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सची सेटिंग्ज असं आत-आत शिरत भावजींनी आकडा वाढवला, ओके केलं, मशीन बंद करून पुन्हा लावलं. चौकट गेली. माझं इंग्रजीही तिच्याबरोबरच गेलं.

"म्हणजे चांगुलपणाचा काही संबंध नव्हता," मी हळूच म्हटलं. "नाव काढायचं का मग?"

भावजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जागा वाढीवलीय की आता."

आक्का लग्नाला आल्या. भावजींची आमटी दोनदा मागून घेतली, वर मीठ कमी आहे म्हणाल्याच.

कॉम्प्युटर अजून आहे. आक्का कळंबहून एसटीनं त्या लग्नाचे फोटो बघायला येतात. तो सुरू व्हायला आता फार वेळ घेतो. तोवर दोघं बहीण-भाऊ काळ्या पडद्यासमोर शेजारी-शेजारी बसून असतात, फारसं बोलतही नाहीत. भावजींची लेक नवा घेऊन देते म्हणते, पण मीच नको म्हणते. फोटो बघून झाले, की आक्का लगेच परतीची एसटी विचारतात.